शेऱ्याच्या रकान्यातलं पाणमांजर

सावळाराम भावजी गळ्यात तुळशीची माळ घालून नदीवर चोरून मासे खातात, ही बातमी आमच्या पिठाच्या गिरणीतून निघाली. कुणी काढली ते विचारू नका. गिरणीचा पट्टा फिरत असतो, चार बायका दळणाचे डबे घेऊन बसलेल्या असतात, आणि पिठासारखीच बातमीही कुठून पडली नि कुणाच्या अंगावर बसली ते कळत नाही. गिरणी माझी आहे, एवढंच सांगते.

बातमीला पुरावा मात्र भक्कम होता. भावजींचं नि आमचं घर भिंतीला भिंत लावून. नोकरी संपून दोन वर्षं झाली तरी हा माणूस रोज सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला खाकी पिशवी अडकवून नदीवर जाणार. नवाला परत. साडेचारला पुन्हा जाणार, दिवेलागणीला परत. पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि पिशवीला मासळीचा वास. एकादशीलासुद्धा. त्यांची बायको, आमच्या बाळाबाई अक्का, ती पिशवी घरात घेत नसत. परसातल्या पेरूच्या फांदीला टांगायला लावत. आता माळकऱ्याची पिशवी पेरूला का टांगलेली असावी, याचा विचार शेजारणीनं नाही करायचा तर कुणी करायचा?

आठ दिवस मी दम धरला. नवव्या दिवशी भावजी नाचणीचं दळण घेऊन आले. पिशवी कट्ट्यावर ठेवून डबा द्यायला आत वळले, आणि माझा हात आपोआप पिशवीत गेला. आत कागदाच्या पुड्या. दोऱ्यानं बांधलेल्या, प्रत्येकीवर तारीख. एक सोडली. काळपट वाळलेलं काहीतरी होतं, त्यात माशाचे खवले चमकत होते आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे. बोटानं चिवडून पाहिलं. नाकाशी नेलं. वास तोच.

"भावजी," मी म्हटलं, "खायचं ते खा, पण काटे तिथंच टाकायचे. पुड्या बांधून घरी कशाला आणता?"

त्यांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही.

"बनाबाई, ते पाणमांजराचं शेण हाय," ते म्हणाले. "हात धुवा."

दळणं अर्धा तास थांबली. मी किती वेळा साबण लावला ते बसलेल्या बायकांनी मोजलं, आणि ती बातमी माझ्या आधी गावात पोचली.

तर दुरुस्ती करते. सावळाराम भावजी मासे खात नाहीत. मासे पाणमांजर खातं. भावजी फक्त त्याचं उरलेलं जमा करतात.

आमचं गाव म्हणजे भोरवरून निघून उत्रोली मागं टाकली की नीरेच्या काठानं जी दोन-चार गावं लागतात त्यांतलं एक. कुठलं ते सांगत नाही. पुढं जे झालं ते छापून आलं तर माझ्याकडं दळण कोणी आणणार नाही. गावाखाली नदीला डोह आहे आणि डोहाच्या तोंडाशी पाण्यात उभा केलेला दगडी खांब. खांबावर मोजपट्टी, एकेका सेंटीमीटरची. त्याला आम्ही सगळे गेज म्हणतो. या गेजवरचा आकडा वाचून वहीत लिहायचा, ही भावजींची चौतीस वर्षांची सरकारी नोकरी. दिवसातून तीनदा. पावसाळ्यात तासातासाला, डोक्यावर इरलं घेऊन. आता खांबावर एक डबा बसवलाय, तो आपोआप पुण्याला कळवतो. भावजींना सुट्टी मिळाली, पण पायांना कुणी कळवलं नाही.

वहीत चार रकाने. तारीख, वेळ, पातळी आणि शेरा. शेऱ्यात काय लिहायचं? गेज वाचणारे सगळे तिथं एकच शब्द लिहितात, निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. भावजींनी पहिल्या आठवड्यात तेच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांचा शेरा सुटला. 'टिटवीची अंडी चार, वाळूत.' 'वाळुंजाला फूल.' 'कासव एक, मोठे, खडकावर, मला पाहून गेले.' एका साहेबांनी लाल शाईनं लिहून पाठवलं की शेऱ्यात फक्त पाण्याविषयी लिहावे. भावजींनी उलट टपाली विचारलं की कासव पाण्यातच राहते, तरी लिहू नये काय. त्यावर उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही म्हणजे मंजुरी, हा सरकारी नियम भावजींना पाठ होता.

"निरंक लिवायला माजा हातच उचलंना," ते मला म्हणाले होते. "नदीवर काहीच न्हाई असा दिस म्या एकबी बगितला न्हाई."

वह्या कार्बन घालून लिहायच्या. वरचं पान भोरला जायचं, खालचं इथंच राहायचं. केंद्र बंद झालं तेव्हा खालची पानं मागायला कोणी आलं नाही. ती भावजींच्या घरात एका लोखंडी ट्रंकेत आहेत. ट्रंक अक्कांच्या माहेरची. अक्कांना ती इंद्रायणी तांदूळ भरायला हवी आहे आणि दोन वर्षं त्या पोती घरभर ओलांडत हिंडतात.

हात धुतल्यावर माझं डोकं मात्र त्या पुडीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी गिरणी नवऱ्याच्या गळ्यात घातली आणि भावजींच्या मागोमाग नदीवर गेले.

"बोलू नका," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"बोललाच की."

आधी ते गेजजवळ उभे राहिले, वाकून आकडा वाचला, वहीत लिहिला. पातळी लिहिल्याशिवाय त्यांना शेरा फुटत नाही. मग काठाकडं पाहायला लागले, तेही गेजच्याच मापानं. मला काठ म्हणजे हिरवं गचपण दिसत होतं. ते बोट न दाखवता, हळू आवाजात सांगत गेले. एक मीटरला लव्हाळा. दीडला शेरणी, ते लाल दांड्याचं झुडूप. पुरात ती आडवी होते, पाणी डोक्यावरून जाऊ देते, ओसरलं की उठून उभी. दोनला वाळुंज, त्याच्या मुळ्या पाण्यात लोंबतात, त्यात मासे अंडी घालतात. तीनला करंज. पाचच्या वर उंबर, कारण उंबराला ओलावा हवा पण भिजलेलं आवडत नाही.

"आन ती बिळं बगा, दरडीत. खंड्याची. चार-वीसला हायत."

दरडीच्या मातीत मुठीएवढी दोन भोकं होती. त्यातून एक निळा ठिपका सुटला तो सरळ पाण्याला चाटून गेला.

"माज्या वहीतला मोठ्यात मोठा पूर चार मीटर पाच सेंटीमीटर," भावजी म्हणाले. "त्येच्या वर पंधरा सेंटीमीटर सोडून त्यानं घर खणलंय. त्याला कुनी सांगितलं? म्या तर न्हाई सांगितलं."

हे त्यांनी मला विचारलं की खंड्याला, ते कळलं नाही. मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या पायाजवळचा चिखल उडाला. खरंच सांगते, चिखलाच्या रंगाचा एक पक्षी मघापासून तिथं मान आखडून बसलेला, मी त्याच्यावर पाय देणार होते. उडाला तेव्हा पंख पांढरेशुभ्र निघाले.

"ढोकरी," ते म्हणाले. "बसली की मळकी, उडाली की धुतलेली."

आमच्या गावात असे लोक बरेच आहेत, फक्त उलटे. पण ते असो.

डोहाच्या कडेला एक चपटा काळा खडक आहे. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही सगळ्या बायका तिथं धुणी धूत असू. घरोघरी नळ आले, खडक सुटला. मी त्या खडकावर पंधरा वर्षांनी उभी राहत होते. मधोमध, जिथं अक्का पूर्वी चादरी आपटायच्या, बरोब्बर तिथं, खवल्यांचा काळपट ढीग.

"तुमी बाया उटला आन ती पाणमांजरी बसली," भावजी म्हणाले. "ही तिची पाटी हाय, बनाबाई. येताजाता हितं मोहोर उठवून जाती. ही जागा माजी, असं बाकीच्यांना सांगती."

"ती कशी दिसते?"

"कुत्र्याएवढी लांब, पन पाय आखूड. शेपूट जाड. डोकं चपटं, मिशा मोठ्या. बोटांना बदकासारखं कातडं. चौतीस वर्सांत आकरा वेळा बगितली. येकदा दोन पिल्लं संगं होती. त्यांना पान्यात ढकलत होती, आन ती वरडत होती. पोरं शाळेत जाताना वरडत्यात तशी."

मी डोहाकडं पाहत राहिले. अंगावर काटा म्हणावा तर काटा नाही, पण घरातल्या बंद खोलीत कोणीतरी इतकी वर्षं राहतंय हे अचानक कळावं, तसं झालं. गावातली सगळी माहिती आपल्याला असते, हा माझा समज होता.

आता त्या 'नानांच्या मुंगसा'विषयी सांगायला हवं. गावात भावजींना नाना म्हणतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पारावर सांगितलं होतं की डोहात पाणमांजर आहे. तेव्हा मानसिंग, जो आता उपसरपंच आहे, म्हणाला, "नाना, मुंगूस भिजलं असंल." सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून कोणी काही अघळपघळ सांगायला लागलं की गावात म्हणतात, हे नानांचं मुंगूस. लग्नाच्या बैठकीत पोराचा पगार जास्त सांगितला, नानांचं मुंगूस. शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात. भावजी ऐकतात नि नदीवर जातात.

जानेवारीत त्यांना वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी दिसली. पुण्याची मिताली नावाची मुलगी वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाखालच्या पाली गावापासून गुंजवणी नदीच्या काठानं पाणमांजरं शोधत फिरतेय, कुठं कुठं उरलीत त्याची यादी करतेय. भावजींनी तिचा नंबर मिळवला. फोन अंगणात केला, त्यामुळं तो मला नीट ऐकू आला.

"पुड्या हायत माज्याकडं. येकेचाळीस."

पलीकडून काय बोलणं झालं ते त्यांनीच मग अक्कांना सांगितलं. मुलगी म्हणाली, काका, वाळलेली पुडी कुठूनही आलेली असू शकते. मला जागेवर ताजी खूण दिसली, तरच डोह यादीत लिहिता येतो. रविवारी सकाळी वेल्ह्याहून परत जाताना दोन तास येते. पुन्हा यायला मला वर्षभर जमणार नाही.

"आन न्हाई दिसलं तर?" अक्कांनी विचारलं.

भिंतीच्या अलीकडं मी पिठाची चाळणी हलवायची थांबवली.

"न्हाई दिसलं तर तुजी ट्रंक तुला," भावजी म्हणाले. "वह्या बंबात घाल. म्या परत नदीवर जायचा न्हाई."

"बघा हं. सबूद देताय."

"दिला."

आता हे ऐकल्यावर माणसानं गप्प बसायला हवं होतं. मी फक्त एकीला सांगितलं. सोमवारी. डोह बघायला पुण्याहून मुलगी येणार, एवढंच. तिनं दळण नेलं. बुधवारी मला परत कळलं ते असं, की नदी बघायला पुण्याहून साहेब लोक येणार. शुक्रवारी मानसिंग गिरणीत आला, तेव्हा ते पथक झालं होतं.

"बनाबाई, पथक येतंय आन डोहावर ही हागणदारी," तो म्हणाला. "गावाची काय अब्रू ऱ्हाईल? उंद्या समद्यांनी खराटे घेऊन या."

आमच्या गावाला दोन वर्षांपूर्वी स्वच्छतेचं बक्षीस मिळालंय. पाहुणे येणार म्हटलं की हात शिवशिवतात. पूल बघायला कोणी आलं तर आम्ही पूल धुतो. शनिवारी भावजी चष्मा आणायला एसटीनं भोरला गेले होते. जुन्याची काच तडकली होती आणि त्यांना मुलीला सगळं नीट दाखवायचं होतं. इकडं चाळीस माणसं डोहावर उतरली. शेरणी छाटली. लव्हाळा उपटला. खडकावर बादल्यांनी पाणी ओतून, खराट्यानं, वर तारेच्या घासणीनं घासून तो असा काढला की आमच्या लग्नातसुद्धा तो तसा नव्हता. त्याला चुन्याचा हात दिला, कडेनं गेरूचा पट्टा. बचत गटाच्या बायकांनी मधोमध रांगोळी घातली, मोठं कमळ आणि खाली 'सुस्वागतम्'. कमळाच्या तीन पाकळ्या माझ्या. मी रांगोळी घालत होते तेव्हा खाली काय होतं, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही. पाहुणे म्हटल्यावर येतच नाही.

पाचच्या एसटीनं भावजी आले. नवा चष्मा डोळ्यावर. स्टँडवरून सरळ डोहाकडं आले आणि दरडीवरच थांबले.

"बघा भावजी," मी खालून म्हटलं. हातात रांगोळीचा डबा होता. "लख्ख."

ते खाली उतरले.  खडकाजवळ वाकले, हातानं चाचपलं, बोटाला चुना लागला तो पाहिला. मग नाक खडकाशी नेलं.

"वासबी धुतला," ते म्हणाले.

मानसिंग पुढं झाला. "नाना, काय घाण होती हितं. ढिगारं नुसतं. येवढ्या लांबनं मानसं येनार, ती घाण दावायची व्हय त्यांना?"

"तीच दावायची होती," भावजी म्हणाले.

 माझ्या हातातला डबा मला एकदम जड वाटायला लागला. मानसिंगला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग आता? कुटनं आणून टाकायची का? नानांकडं पुड्या हायत म्हनं."

"न्हाई," भावजी म्हणाले. "म्या चौतीस वर्सांत खोटा आकडा लिवला न्हाई."

ते खडकावर बसले, शर्टाला चुना लागला तरी. मला वाटलं आता हे उठून घरी जातील आणि अक्का बंब पेटवतील. पण ते चष्मा वर करून पाण्याकडं पाहत होते, आणि तोंडावर तोच भाव आला, खंड्याच्या बिळाकडं पाहताना आला होता तो.

"मानसिंग, चुना कवा लावला?"

"चारला. अजून वलाच हाय."

"आसं कदी झालंच न्हाई," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तिची पाटी कुनी पुसलीच न्हाई आजवर. पुसल्यावर ती काय करती? रुसून जाती, का पुन्यांदा लिवती?" मग आमच्याकडं वळले. "आता समदी घरी जा. रातच्याला हितं कुनी फिरकायचं न्हाई. बनाबाई, तुमीबी."

"मी कशाला फिरकते?"

"तुमचा हात पिशवीत बी आपोआप गेला हुता."

रविवारी साडेसातला मिताली आली. जीपमधून एकटीच उतरली. पंचविशीची, पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल. पथक एवढंच का, म्हणून मानसिंग जीपच्या मागं पुन्हा पाहून आला. त्याच्या हातात शाल आणि नारळ होता. अख्खा गाव मागं. अक्काही आल्या होत्या, पदरात काड्यापेटी खोचून. त्यांनी बंब भरून ठेवल्याचं मला सकाळीच भिंतीवरून सांगितलं होतं. सांगताना आवाज मात्र रोजच्यासारखा नव्हता.

भावजींनी सगळ्यांना दरडीवर थांबवलं. स्वतः आधी गेजकडं गेले. मिताली त्यांच्याकडं बघत राहिली.

"काका, खडक इकडं आहे ना?"

"पातळी लिवून येतो."

लिहिली. मग दोघं खडकाकडं गेले. आम्ही वरून फक्त पाठी बघत होतो. भावजी थांबले. मिताली थांबली. मग ती सावकाश गुडघ्यावर बसली आणि तिनं पाठीवरची पिशवी काढून बाजूला ठेवली.

मला राहवलं नाही. मी खाली उतरले, आणि मी उतरले म्हटल्यावर सगळेच उतरले.

कमळ नव्हतं. माझ्या तीन पाकळ्यांसकट सगळं कमळ गुलाबी-निळा चट्टा झालं होतं, जणू कुणी त्यात पाठ घासून लोळण घेतली होती. दवानं ओल्या राहिलेल्या चुन्यावर पावलं उमटली होती. पाच बोटं, मध्ये पातळ कातड्याची खूण, जशी भावजींनी सांगितली होती तशीच. एक पावलांची ओळ मोठी. तिच्या मागून दोन ओळी लहान, वाकड्यातिकड्या, एकमेकींवरून गेलेल्या. आणि 'सुस्वागतम्' मधल्या 'ग' वर, ओला, ताजा, चमकत्या खवल्यांचा ढीग.

मितालीनं नाक खाली नेलं. मागून बचत गटातल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

"दोन-चार तासांपूर्वीचं," मिताली म्हणाली. "आई आणि दोन पिल्लं. काका, यांना कोरड्या वाळूत लोळायला आवडतं, तुमची रांगोळी त्यांनी वाळूच समजली. मी इतक्या नद्या फिरले, इतके स्वच्छ ठसे मला कुठं मिळाले नाहीत." मग मागं वळून आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. "पण चुना पुन्हा लावू नका. आणि ती झुडपं का छाटली?"

मानसिंगनं शाल दुसऱ्या हातात घेतली. "ताई, ते जरा... पाहुणे येनार म्हनून."

"त्यांना लपायला तीच जागा असते."

"उगवंल ती," भावजी म्हणाले. "शेरणी हाय. पडून उटायची सवय हाय तिला."

मितालीनं फोटो काढले, पट्टी ठेवून मापं घेतली, डोहाचं नाव विचारून लिहून घेतलं. पाणमांजर स्वतः मात्र दिसलं नाही. कोणाला नाही. एकदा पलीकडच्या वाळुंजाखाली पाणी हललं, तेव्हा अख्ख्या गावानं श्वास धरला, पण तो पाणकावळा निघाला. मला वाटतं, तिनं आम्हाला पाहिलं असणार.

मग तिनं विचारलं, "काका, तुम्हाला हे इथं कधीपासून माहीत आहे?"

भावजींनी अक्कांकडं पाहिलं. अक्का मानसिंगच्या पाठीमागं गेल्या.

ट्रंक अंगणात आली. मितालीनं पहिली वही उघडली आणि उभी होती ती तशीच पायरीवर बसली. आकडे, आकडे, आकडे, आणि प्रत्येक आकड्यापुढं त्या बारीक अक्षरातला शेरा. कोणत्या तारखेला वाळुंज फुलला, कोणत्या वर्षी टिटवी उशिरा आली, कोणत्या उन्हाळ्यात कासवं दिसली नाहीत, आणि तेव्हा पाणी किती होतं. ती पान उलटत होती, चहा निवत होता. दोन तासांसाठी आलेली मुलगी संध्याकाळपर्यंत बसली, मग दुसऱ्या दिवशीही आली, एकेक पानाचा फोटो काढायला. म्हणाली, वह्यांना वाळवी लागू देऊ नका, अशी नोंद कुणाकडं नाही.

"मंग माजा तांदूळ कुटं ठिवू?" अक्का म्हणाल्या. पण काड्यापेटी त्यांनी पदरातून काढून देवळीत परत ठेवली होती, ते मी पाहिलं. आणि ट्रंकेत कडुनिंबाचा पाला कुणी घातला, तेही मला माहीत आहे.

सोमवारी संध्याकाळी मुलगी गेल्यावर मी भिंतीवरून डोकावले. भावजी पेरूखाली बसून शर्टाचा चुना खरवडत होते. पिशवी फांदीलाच होती. यश मिळालं म्हणून वास काही कमी झाला नव्हता. मानसिंगही आला होता. शाल काल द्यायची राहिली, म्हणून. तो म्हणत होता की डोहावर बोर्ड लावू, नानांचं नाव घालू, आणि गावातलं ते मुंगसाचं बोलणं आता बंद.

"भावजी," मी म्हटलं, "मासे खाता म्हणून मी बोलले, ते चुकलं. आणि ते पाणमांजर खरंच आहे, हेही आता पटलं बघा. ठसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले."

त्यांनी शर्ट झटकला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि आधी मानसिंगकडं, मग माझ्याकडं पाहिलं.

"पानी दोन मीटर चढलं म्हनून म्या सांगितलं, की तुमी नदीकडं न बगता काठावरच्या पंपाच्या मोटारी उचलल्या, गुरं वर न्हेली. चौतीस वर्सं. आन त्याच पानावर, त्याच हातानं, बाजूच्या रकान्यात लिवलेलं तेवढं तुमाला डोळ्यांनी बगायचं हुतं व्हय?"